थ्रेटची यादी की जवळचा खेळाडू? शत्रूने कोणावर धावून जावं

को-ऑप अ‍ॅक्शन आरपीजी, म्हणजे मित्रांनी एकत्र खेळायचा आणि आपलं पात्र वाढवत नेण्याचा मारामारीचा गेम, बनवायला घेतलात की शत्रूने नेमकं कोणावर धावून जायचं, हे लवकरच ठरवावं लागतं. मुख्य रस्ते दोन. पहिला थ्रेटच्या यादीचा: कोणी किती डॅमेज (इजा) दिलं, कोणी कोणाला हील (बरं) केलं याचे गुण प्रत्येक शत्रूकडे साठत जातात आणि ज्याचा आकडा मोठा, त्याच्यावर हल्ला. दुसरा अंतराचा: जो दिसतोय आणि जवळ आहे, तो. मित्रांबरोबर करत असलेल्या आमच्या छोट्या गेममध्ये मी दोन्ही पुरेसे चालवून पाहिले. माझा कौल पुढे दिसेलच, पण थ्रेटची बाजू लंगडी आहे असं अजिबात नाही.

थ्रेटची पद्धत एव्हरक्वेस्टमध्ये (१९९९) रुळली आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने (२००४) ती घासूनपुसून घेतली. तिथे जवळून लढणाऱ्याला अ‍ॅग्रो (शत्रूचा रोख) खेचायचा तर शत्रूच्या सध्याच्या लक्ष्यापेक्षा नुसतं पुढे जाऊन भागत नाही. त्याच्या ११० टक्के थ्रेट लागतो, आणि लांबून मारणाऱ्याला १३० टक्के. टाँट (शत्रूला डिवचणारं स्किल) मारला की टँकचा (मार अंगावर घेणाऱ्या खेळाडूचा) थ्रेट थेट सर्वांत वरच्याच्या बरोबरीला येतो. त्यामुळे कामांची वाटणी स्वच्छ होते. टँकने धरून ठेवायचं, हीलरने सांभाळायचं, बाकीच्यांनी मारायचं, आणि कोणी हात जरा जास्त सैल सोडला तर त्याची शिक्षा त्याला लगेच मिळते. मोठ्या गटाला एकत्र लढायला लावणारी याहून चांगली रचना मला तरी माहीत नाही.

माझं मत मात्र एका गोष्टीने फिरवलं. मोकळा दगडी चौक, समोर हातोडेवाला राक्षस, त्याच्या अगदी पुढ्यात ढालवाला आणि बराच मागे तिरंदाज. ढालवाला चोख खेळत होता: हातोडा उचलला जाताना पाहायचा, वेळेवर ब्लॉक करायचा, लगेच उलट वार. तेवढ्यात तिरंदाजाचे दोन क्रिटिकल (जादा इजा करणारे फटके) लागोपाठ बसले आणि यादीतला आकडा पलटला. राक्षसाने उचललेला हातोडा तसाच खाली घेतला आणि ढालवाल्याच्या शेजारून निघून तो तिरंदाजाकडे चालू लागला. आता ढालवाल्यासमोर त्याची उघडी पाठ. पाठीवरच्या वाराला आमच्याकडे जादा डॅमेज आहे, त्यामुळे काही पावलांतच ढालवाला पुन्हा यादीत वर. राक्षस वळला. पुन्हा बाण, पुन्हा वळला. दोघांच्या मधल्या जागेत तो येरझाऱ्या घालत राहिला आणि हातोडा कोणावरच पडेना.

वॉरक्राफ्टसारखी टक्केवारीची अट घातली की येरझाऱ्या थांबतात. पण मूळ दुखणं राहतंच. अ‍ॅक्शन गेममध्ये खेळाडू शत्रूच्या अंगावरून वाचत असतो: खांदा कुठे वळला, नजर कुठे आहे, हत्यार कोणाच्या दिशेने उचललं. डॉज (वार चुकवणं) आणि ब्लॉक त्यावरच चालतात. थ्रेटची यादी म्हणजे दुकानदाराची उधारीची वही. आत काय लिहिलंय ते समोर उभ्या असलेल्याला दिसत नाही. शत्रू पाठ फिरवून चालू लागतो तेव्हा ढालवाल्याला कळत नाही की आपलं काय चुकलं, आणि खरं तर काहीच चुकलेलं नसतं. हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

दुरुस्त्या आहेत. थ्रेट वेळेनुसार आटवा, लांबच्याचा कमी मोजा, एका फटक्याच्या थ्रेटला कमाल मर्यादा घाला. आम्ही हे सगळं केलं. गंमत अशी की प्रत्येक दुरुस्तीनंतर शत्रू आणखी थोडा जवळच्यालाच मारू लागला. मग वही ठेवायचीच कशाला, असं वाटू लागलं.

अंतराच्या पद्धतीत काय चालतं ते डायब्लो टूमध्ये (२०००) नेक्रोमॅन्सर (सांगाडे उठवून लढणारा मांत्रिक) खेळलेल्या कोणालाही सांगायला नको. सांगाड्यांची भिंत पुढे केली की राक्षस आधी तिच्याशीच भिडतात, आणि ते का, हे एका नजरेत कळतं. अपवाद हवे असतील तर ते स्किलमध्ये घालता येतात. त्याच नेक्रोमॅन्सरचा अ‍ॅट्रॅक्ट हा शाप ज्या राक्षसावर पडेल त्याच्यावर आसपासचे राक्षस तुटून पडतात. पाथ ऑफ एक्झाइलमधला डिकॉय टोटेम (आमिष म्हणून उभा करायचा खांब) शत्रूंना स्वतःकडे ओढतो. एल्डन रिंगमध्ये तर (२०२२) शत्रूंचं लक्ष अंगावर घेणारा ताईतच आहे. प्रत्येक वेळी कारण डोळ्यांसमोर असतं.

तोटे आहेतच. दोघे जवळपास सारख्या अंतरावर असले की शत्रू दर क्षणाला मत बदलतो. नवा खेळाडू निदान पाव हिश्शाने जवळ असल्याशिवाय लक्ष्य सोडायचं नाही, एवढ्या एका अटीवर आमचं भागलं. खांबाभोवती गोल गोल पळवण्याची युक्ती मात्र पूर्ण बंद होत नाही. काही वेळ फटका बसला नाही तर शत्रूने दुसरं कोणीतरी बघावं, हा आमचा उपाय कामचलाऊच आहे. आणि हीलरला मागे बसून फार सुरक्षित वाटतं. त्याला अडचणीत आणायला उड्या मारणारे, लांबून मारणारे असे वेगळे शत्रू रचावे लागतात, ते काम वाढतं.

एकट्याने खेळायच्या, पण सोबती असलेल्या गेमचा हिशेब थोडा वेगळा. फायनल फँटसी सेव्हन रीमेकमध्ये (२०२०) तुम्ही ज्या पात्राचा ताबा घ्याल त्याच्याकडे शत्रू वळू लागतात. लढाई कायम तुमच्याभोवती राहते हे खरं, पण दूर उभं राहून मंत्र टाकणारं पात्र निवांत खेळता येत नाही. मला ते खटकलं, अनेकांना आवडतं.

तुमच्या गेममध्ये लक्ष्य निवडून स्किल दाबायची असेल, गट पाच जणांचा किंवा मोठा असेल आणि टँक-हीलर अशा भूमिका ठरलेल्या असतील, तर थ्रेट घ्या. अंतरावर ते सगळं उभं राहणं कठीण. फटका प्रत्यक्ष लागावा लागतो आणि डॉजवर जीव वाचतो असा गेम असेल, तर मी अंतराकडेच बोट दाखवेन. फक्त वार उचलल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत लक्ष्य गोठवून ठेवा. बॉससाठी आम्ही थोडी सूट ठेवली आहे: त्याला गेल्या काही सेकंदांतलं डॅमेज आठवतं, पण तो आधी मान वळवतो, गुरगुरतो आणि मगच नव्या खेळाडूकडे निघतो.