‘आर्म अँड अ लेग’ की ‘ब्रेक द बँक’?

दोन्ही वाक्प्रचार महागाईचेच, पण एकाच्या जागी दुसरा सहसा बसत नाही.

‘इट कॉस्ट मी ॲन आर्म अँड अ लेग’ म्हणजे पैसे गेले आणि डोळे पांढरे झाले. तक्रारीचा सूर, तोही घरगुती बोलण्यातला. ऑफिसच्या पत्रात नको. चुका ठरलेल्या: ‘माय आर्म अँड माय लेग’ म्हटलं की खरेच अवयव डोळ्यांसमोर येतात, आणि ‘कॉस्ट’चा भूतकाळ इथे ‘कॉस्टेड’ नव्हे, ‘कॉस्ट’च.

‘ब्रेक द बँक’ मुळात जुगाराच्या टेबलावरचा. तिथली ‘बँक’ म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडची रक्कम. खेळाडूने ती सगळी जिंकली की बँक मोडली. म्हणूनच ‘द’ काढून ‘माय’ घालू नका. आज हा बहुतेक नकारातच येतो: ‘इट वोन्ट ब्रेक द बँक’, म्हणजे खिशाला परवडेल. जाहिरातींना हा म्हणूनच लाडका. आणि मध्ये ‘इंटू’ घुसला, तर थेट दरोडाच!

बिल पाहून कळवळायचं असेल तर पहिला, ‘घे, झेपेल’ असं सांगायचं असेल तर दुसरा.