स्टुडिओ, समुद्रकिनारा की आपली पडवी? कुत्र्यामांजराचा फोटो काढून घेण्याआधी

कुत्र्याचा किंवा मांजराचा एखादा नीट फोटो काढून घ्यावा हे बहुतेक घरांत फार उशिरा सुचतं. तोवर त्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले असतात. मोबाईलमध्ये फोटोंचा ढीग असतो, पण निम्मे हललेले आणि उरलेल्यांत डोळे हिरवे चमकलेले. गोव्यात चौकशी केली की तीन सल्ले मिळतात: पणजी-मडगावकडचा स्टुडिओ, समुद्रकिनारा, नाहीतर फोटोग्राफरलाच घरी बोलावणं. चौथा पर्याय म्हणजे चित्र काढून घेणं. फोटो कुठे छान दिसेल हे नंतर ठरवा. आधी आपलं जनावर अनोळखी जागी कसं वागतं ते आठवा.

चवथीचे फटाके सुरू झाले की तुमचा कुत्रा पलंगाखाली शिरतो का? शिरत असेल तर स्टुडिओचा नाद सोडा. तिथले मोठे फ्लॅश प्रत्येक वेळी टप्प करून उडतात, फरशी गुळगुळीत असते, आणि आधी येऊन गेलेल्या कुत्र्यांचा वास सगळीकडे असतो. घाबरलेला कुत्रा कान मागे टाकतो, जीभ बाहेर काढून धापा टाकतो. फोटोत ते हसल्यासारखं दिसतं, पण घरच्यांना ते ओळखू येतंच. मांजराला तर स्टुडिओत नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

धीट, माणसाळलेल्या कुत्र्याला मात्र स्टुडिओच चांगला, विशेषतः काळ्या कुत्र्याला. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून उजेड मोजतो, त्यामुळे काळा कुत्रा राखाडी येतो, नाहीतर नाकडोळे हरवलेला एक काळा डाग होतो. स्टुडिओत बाजूने दिवा लावून केसांची चकाकी वेगळी काढता येते. डोळे चमकण्याचा प्रश्नही तिथे नसतो. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो, त्यावर कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश समोरून पडला की डोळे हिरवेपिवळे दिसतात. दिवा बाजूला गेला की तो त्रास संपतो.

घरी काढायचं तर उजेडाची अडचण येईल असं सगळ्यांना वाटतं. फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या जुन्या घरांत मात्र उलट स्थिती असते. पडवीला वरून छप्पर आणि पुढून आकाश उघडं, त्यामुळे तिथे दिवसभर मऊ उजेड राहतो. राजांगणाच्या, म्हणजे घरामधल्या उघड्या चौकाच्या, कडेलाही तसाच. खिडकीला अजून शिंपल्यांची तावदानं शिल्लक असतील तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. त्यांतून उजेड असा गाळून येतो की स्टुडिओवाल्याने हेवा करावा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गॅलरीच्या दारापासून दोन-तीन हात आत कुत्र्याला बसवा, तोंड दाराकडे, आणि आतले दिवे बंद करा. पिवळा बल्ब आणि बाहेरचा निळसर उजेड एकत्र आले की केसांचा रंग बिघडतो.

घरच्या फोटोची खरी ताकद उजेडात नाही, जागेत आहे. सोप्यावरची त्याची ठरलेली जागा, आजीच्या आरामखुर्चीखालचा थंड कोपरा, दाराला पडलेले नखांचे ओरखडे हे सगळं चौकटीत येतं. म्हातारा किंवा आजारी प्राणी असेल तर मी दुसरा पर्याय विचारातही घेणार नाही. फोटोग्राफरला एवढंच सांगा की आल्या आल्या कॅमेरा काढू नका, थोडा वेळ चहा पीत बसा. कॅमेरा जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायचा तर जमिनीवर लोळावं लागतं. त्याला तयार नसलेल्या माणसाला बोलावू नका. कॅमेऱ्याचं शटर बसलेल्या कुत्र्यासाठी सेकंदाचा 1/125 भाग उघडलं तरी चालतं, धावणाऱ्यासाठी 1/1000 भागच उघडावं लागतं, आणि तेवढ्यात पुरेसा उजेड आत यायला हवा. घरात पळापळीचे फोटो म्हणूनच जमत नाहीत.

पळापळीसाठी किनारा आहे. पण संध्याकाळी सूर्यास्तासमोर कुत्रा उभा केलात तर नुसती काळी आकृती येईल, कारण आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. फोटोग्राफरने समुद्राकडे पाठ करावी, कुत्र्याचं तोंड समुद्राकडे ठेवावं. मागे सुरूची झाडं येतात आणि तोंडावर सोनेरी उजेड. सकाळ त्याहून सोयीची: वाळू थंड आणि गर्दी कमी. किनाऱ्यावरच्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांना आपापली हद्द असते, तेव्हा पट्टा हातातच असू द्या. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्या हंगामात तिकडे कुत्रा नेऊ नका.

चित्राचा पर्याय मुख्यतः जनावर गेल्यावर सुचतो. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले चित्रकार असं काम करू शकतात, पण चित्र फोटोवरूनच काढतात, आणि फोटो अंधूक असेल तर चित्रकार अंदाजाने भरतो. मोबाईलवर फोटो आपोआप स्पष्ट करून देणारी अॅप्सही तेच करतात: केसांचे ठिपके मनाने रचतात. कपाळावरचा पांढरा टिळा भलत्याच बाजूला गेलेलं चित्र घरात कुणाला बघवत नाही. एकाच फोटोवर न थांबता वेगवेगळ्या बाजूंचे फोटो द्या, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून. साधं पाठवलं की आकार घटतो.

पैशांचं बोलायचं तर स्टुडिओ आणि किनारा यांत फारसा फरक पडू नये. घरी येण्याला प्रवासखर्च वाढतो, चित्राचे दर आकारावर. काहीही निवडलं तरी मूळ आकाराच्या फाइल्स मिळणार का हे आधी विचारा. 8 बाय 10 इंचाच्या चांगल्या छपाईला 2400 बाय 3000 पिक्सेल लागतात.

छपाईत मात्र गोव्याचा पाऊस कुणाचंही ऐकत नाही. कॅनव्हासवरची छपाई दिसते देखणी, पण जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी धरण्याची भीती राहते. मी साध्या कागदावरची, पिगमेंट शाईची (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईची) छपाई घेईन. काचेला फोटो थेट टेकू देऊ नका, ओलीने तो चिकटतो आणि मग फाटल्याशिवाय निघत नाही. मध्ये माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, पट्टी घालून घ्या, आणि फ्रेम पावसाचं पाणी झिरपणाऱ्या बाहेरच्या चिऱ्यांच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीवर टांगा.