ग्रीक नाणी बघायची तर जळगावातलं हे दुकान

काय सांगू भो, सराफ बाजारात असा खजिना असेल असं वाटलंच नव्हतं. दुकान साधंच, पण काकांनी मिनँडरचं चांदीचं नाणं हातावर ठेवलं ना, तोच आपला नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिलिंद, एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी ही जुनी लिपी, वजन जेमतेम अडीच ग्रॅम आणि राजाचा चेहरा अजून एकदम क्लिअर, मी बघतच राहिलो. अथेन्सच्या घुबडवाल्या नाण्याची त्यांच्याकडे नक्कल आहे आणि ते स्वतःच आधी सांगतात, हे फार आवडलं. अस्सल साधारण 17 ग्रॅमचं, अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीतल्या चांदीचं, एकीकडे अथेना देवी, दुसरीकडे घुबड नि ऑलिव्हची डहाळी. काका आधी वजन करतात मग भिंगातून कड दाखवतात, साच्यात ओतलेल्या नकली नाण्याला कडेला जोड दिसू शकतो. भाव थोडे चढे, घासाघीस नाही, पण पक्कं बिल मिळतं. 1972 च्या कायद्यामुळे असं जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही हेही बजावतात. आणि नाणं घासून चमकवू नका म्हणतात, ते तर ऐकाच. शनिवारी मात्र जाऊ नका, लई गर्दी असते.