डीटीपी कुठे शिकावं : खासगी क्लास, आयटीआय की मुद्रणाची पदविका?

दहावीनंतर डीटीपीकडे, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडण्याच्या कामाकडे, वळायचं तर वाटा तीन: तीन ते सहा महिन्यांचा खासगी क्लास, आयटीआयचा एक वर्षाचा डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर हा ट्रेड आणि मुद्रणतंत्राची तीन वर्षांची पदविका. मुंबईच्या शासकीय मुद्रण तंत्र संस्थेत ही पदविका करता येते.

क्लासमध्ये हात लवकर बसतो. पण काही क्लास अजून पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट यांपुढे जातच नाहीत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. तिला युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर मराठी सारखीच दिसावी यासाठीची अक्षरांची प्रमाण पद्धत, कळत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. जुनी पुस्तकं पुन्हा काढताना हे फॉन्ट लागतात, तेव्हा तेही शिकाच. पण छापील पुस्तकासोबत ई-बुकही काढायचं तर युनिकोडला पर्याय नाही. फी भरण्याआधी इनडिझाइन या पानं मांडायच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी मजकूर ओतून दाखवायला सांगा. परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ ही भारतीय लिप्या नीट जुळवणारी सेटिंग लावलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न लागता नंतर लागते, जोडाक्षरं सुटतात. शिकवणाऱ्याला हे तिथल्या तिथे दुरुस्त करता आलं नाही, तर तो क्लास सोडा.

आयटीआयची फी कमी, शिवाय पुढे अ‍ॅप्रेंटिसशिपची वाट खुली. मात्र लिपिक-टंकलेखक पदावर डोळा असेल तर मराठी ३० शब्द प्रतिमिनिट हे शासकीय टंकलेखन प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. त्यासाठी डीटीपीचं प्रमाणपत्र पुरत नाही.

छपाई खऱ्या अर्थाने कळते ती पदविकेत. कडेला ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला चित्राचा वा रंगाचा भाग) का सोडायचं, फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय (दर इंचातले ठिपके) का हवा, १६ पानी फॉर्ममध्ये (एका मोठ्या कागदावर छापून घडी घालायच्या पानांच्या गठ्ठ्यात) पानं उलटसुलट का लागतात, हे तिथे मशीनपाशी शिकता येतं. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतला, काळा मजकूर छपाईसाठी बदलताना चार रंगांत फुटतो. मग रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही रंगांची एकमेकांवरची नेमकी जुळणी, किंचित हललं तरी १० पॉइंटातले अनुस्वार धूसर होतात. मजकूर फक्त काळ्या शाईतच हवा. एवढं नेमकं जाणणाऱ्याला प्रीप्रेस (छपाईआधीची फाइलची तयारी), प्लेट बनवणं, पॅकेजिंग अशा विभागांतही काम मिळतं.

व्हिजिटिंग कार्ड, लग्नपत्रिका हे काम आता बरेच लोक मोबाइलवर स्वतःच करतात. नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका. टिकून आहे ते पुस्तकं, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, प्रश्नपत्रिका यांचं. हे काम अनेकदा पानाच्या दराने मिळतं. दोन प्रुफांपर्यंतच्या (तपासायला दिलेल्या छापील प्रतींपर्यंतच्या) दुरुस्त्या दरात, पुढच्या वेगळ्या, असं आधीच लिहून घ्या. नाहीतर तिसऱ्या-चौथ्या प्रुफात मजुरी बुडते.

तीन वर्षं देणं जमत असेल तर पदविकाच घ्या. नसेल तर क्लास करा आणि त्याच काळात ऑफसेट छापखान्यात अर्धवेळ काम धरा.