‘स्वच्छ करू नका’ या सूचनेआड विकलेले रोमन नाणे

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याचे ब्राँझचे एक नाणे १४० पौंडांना विकत घेतले आणि त्यात माझी फसवणूक झाली. नाणे बनावट नव्हते. ते अस्सल, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचेच होते. खोटा होता तो त्याचा पृष्ठभाग, आणि त्या पृष्ठभागावर कोरल्यासारखी दिसणारी दोन अक्षरे. अशी नाणी नव्याने घेऊ लागलेल्यांना हा प्रकार माहीत असावा, म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

मी एकोणीस वर्षे लंडनमध्ये राहते. या शहरात रोमनांची टाकसाळ होती. रोमपासून फुटून निघालेल्या कॅरॉसियसने ती इ. स. २८७ च्या सुमारास सुरू केली आणि ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या काळात ती बंद झाली. ज्या शहरात माझी मुले वाढली, तिथेच पाडलेले एक नाणे आपल्या संग्रहात असावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. मी घेतलेल्या नाण्याच्या मागील बाजूस उजवा हात उंचावलेला, डाव्या हातात गोल धरलेला सूर्यदेव उभा आहे आणि कडेने ‘सोली इन्विक्तो कोमिती’, म्हणजे ‘अजिंक्य सूर्यास, सहचरास’, अशी लॅटिन अक्षरे आहेत. याच घडणीची नाणी आजच्या जर्मनीतील ट्रीर येथील टाकसाळीनेही पाडली. सूर्याच्या दोन बाजूंची टी आणि एफ ही अक्षरेसुद्धा दोन्हीकडे सारखीच आढळतात. ओळखायचे ते तळाच्या टाकसाळचिन्हावरून: लंडनचे पी-एल-एन, ट्रीरचे पी-टी-आर. ट्रीरची नाणी बाजारात मुबलक मिळतात, लंडनची त्या मानाने कमी. माझ्या १४० पौंडांतील बहुतेक रक्कम शेवटच्या दोन अक्षरांसाठी होती.

विक्रेत्याने वर्णनात लिहिले होते की नाण्याची पॅटिना (जुन्या धातूवर चढलेला रंगीत थर, म्हणजेच जंगाल) मूळची आणि अस्पर्शित आहे, ते कृपया स्वच्छ करू नये, आणि स्वच्छ केलेले नाणे परत घेतले जाणार नाही. ही सूचना वाचून माझा त्याच्यावरचा विश्वास वाढला, आणि त्याला कारण होते. माझ्या वडिलांकडे तांब्याच्या पंचवीस-तीस शिवराया होत्या. देवघरातील तांब्या-पळी घासावी तशा त्यांनी त्या चिंच आणि मीठ लावून लखलखीत केल्या. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे काही नाण्यांवर आधीच पुसट होती. जंगालाच्या थरात त्यांचा जो आकार टिकून होता, तोही त्या घासण्यात गेला आणि खाली खड्डे पडलेला तांबूस धातू तेवढा उरला. पुढे आबांना त्याचे किती वाईट वाटले, हे मी पाहिले आहे. जमिनीत शतकानुशतके पडलेल्या तांब्या-ब्राँझवर तांबड्या, हिरव्या, तपकिरी संयुगांचा जो घट्ट थर बसतो, तो मळ नसतो. पुष्कळदा नाण्याचा चेहरा धातूत नव्हे, तर त्या थरातच शिल्लक असतो. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितळ उजळायची पावडर यांपैकी काहीही जुन्या नाण्याला लावू नये, हे मी मनाशी पक्के केलेले होते. विक्रेत्याने नेमका त्याच समजुतीचा आडोसा घेतला.

नाणे हाती आले तेव्हा दोन गोष्टी खटकल्या होत्या. त्याला सगळीकडून एकसारखी, मंद तेलकट चकाकी होती. आणि कडेची अक्षरे झिजलेली असताना तळातील एल आणि एन मात्र ठसठशीत होती. मी त्याकडे दुर्लक्ष केले. अठराव्या दिवशी सम्राटाच्या मानेजवळ फिकट हिरव्या भुकटीचा, मोहरीएवढा ठिपका दिसला. पुसला, तर चार दिवसांत पुन्हा आला. याला ब्राँझचा रोग म्हणतात. मातीतील क्षारांमुळे धातूत शिरलेली क्लोराइडे दमट हवेत जागी होतात, त्यांतून ही भुकटी आणि आम्ल तयार होते, ते आम्ल आतील निरोगी तांबे खाते आणि हे चक्र चालूच राहते. विक्रेत्याने तासाभरात उत्तर पाठवले की ती मातीतील निरुपद्रवी खनिजे आहेत, नाण्याला हात लावू नका. परत करण्याची चौदा दिवसांची मुदत तोवर संपलेली होती.

स्वच्छ करावे की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. रोग वाढू दिला तर नाणे जाणार होते. थर खरवडला तर आबांचीच चूक मी करणार होते. अखेर शुद्ध ॲसिटोन वापरायचे ठरवले, कारण ते लाख, रंग, मेण, तेल यांवर काम करते, पण धातूवर नैसर्गिकपणे बसलेल्या खनिज थराला धक्का लावत नाही. खिडक्या उघड्या ठेवून, काचेच्या झाकणाच्या बाटलीत मी नाणे बुडवले. वीस मिनिटांत द्रव तपकिरी-हिरवा झाला. कापसाचा बोळा फिरवताच रंगाचे पापुद्रे निघाले, आणि तळातील एल व एन ही अक्षरे मऊ लुकणासारखी सुटून बोळ्यावर आली. त्यांच्या खाली टी चा उभा दांडा आणि आर चा तिरपा पाय स्पष्ट होता. सूर्यदेवाच्या पायांशी रोगाने पडलेले खड्डेही त्याच लुकणाने बुजवलेले होते. म्हणजे रोग विकण्यापूर्वीच ठाऊक होता.

विक्रेत्याने पैसे परत करण्यास नकार दिला. नाण्याची मूळ अवस्था मीच बदलली आहे, असे त्याचे म्हणणे, आणि ‘स्वच्छ करू नका’ ही अट त्याने पुढे केली. ज्या तपासणीने लबाडी उघड होते, तीच केल्यास परतीचा हक्क जातो, अशी ती रचना होती. मला सर्वांत राग येतो तो याचा.

अशी अट दिसल्यास पैसे देण्यापूर्वीच लेखी विचारावे: नाण्यावर लाख, रंग, मेण किंवा भराव आहे का, आणि ॲसिटोनने तपासल्यास परत घ्याल का? टिकवण्यासाठी मेणाचा हात देणे गैर नाही, पण ते सांगितलेले असले पाहिजे. उत्तर मोघम आले तर घेऊ नये. घेतलेच, तर पहिल्याच दिवशी तिरप्या उजेडात भिंगाखाली दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, झिजलेल्या अक्षरांत एखादेच ठळक का आहे हे पाहावे, आणि शंका आल्यास न तपासता मुदतीत परत पाठवावे. ॲसिटोनलाही मर्यादा आहे: रसायनांनी घाईत चढवलेला खोटा हिरवा थर किंवा टणक झालेला इपॉक्सीचा भराव त्यात विरघळेलच असे नाही.

माझ्या नाण्यावरची भुकटी मी भिंगाखाली लाकडी काडीने काढली, पाच आठवडे डिस्टिल्ड पाणी बदलत ते त्यात ठेवले, नीट वाळवले आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबीत इतर नाण्यांपासून वेगळे ठेवले. मार्चपासून नवा ठिपका आलेला नाही, तरी दर रविवारी मी मानेजवळची ती जागा पाहते. डबीवरच्या चिठ्ठीवर आधी लिहिलेले ‘लंडन’ खोडून ‘ट्रीर’ असे लिहिले आहे.