व्हाइटली: पवनचक्क्यांच्या माळावर आईसोबत

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या दक्षिणेला, ईगल्शॅम गावावरच्या उंच माळरानात व्हाइटली हे ब्रिटनमधील जमिनीवरचे सर्वांत मोठे पवनऊर्जा केंद्र आहे. तेथे २१५ पवनचक्क्या असून एकूण क्षमता ५३९ मेगावॉट आहे. साताऱ्याचा असल्याने आणि चाळकेवाडीचे पठार लहानपणापासून पाहिलेले असल्याने मला पवनचक्क्यांचे अप्रूप नव्हते; अप्रूप वाटले ते या माळावर माझ्या अडुसष्ट वर्षांच्या, गुडघेदुखी असलेल्या आईला दोन तास निवांत चालता आले याचे.

एरवी असा माळ वयस्कर माणसांसाठी नसतो. आपल्याकडच्या सड्यावर पायाखाली कातळ असतो, तर इथे पीट, म्हणजे हजारो वर्षे साचत गेलेला, पाण्याने कायम तुडुंब भरलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. रस्त्याच्या कडेला आईने काठीचे टोक शेवाळावर नुसते टेकवले, तर भिजलेल्या स्पंजासारखे त्यातून तपकिरी पाणी वर आले. मात्र पवनचक्क्यांचे अवजड भाग वाहून नेण्यासाठी बांधलेले खडीचे रुंद रस्ते चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना खुले आहेत. इथल्या वाटांची एकूण लांबी १३० किलोमीटरांहून अधिक भरते, आणि बहुतेक ठिकाणी चढही सौम्य आहे.

एका पवनचक्कीच्या अगदी बुंध्याशी उभे राहिल्यावर प्रत्येक पाते खांबासमोरून खाली येताना होणारा ‘सूंऽऽ’ असा आवाज छातीत जाणवतो, आणि मध्येच वाऱ्याची दिशा बदलली की वरचा भाग त्याच्याकडे वळताना यंत्राची घरघर ऐकू येते. पण दोन पवनचक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात तो आवाज विरतो आणि चंडोलाचे गाणे स्पष्ट कानी पडते. ऑगस्टमध्ये गेलात तर हेदर नावाच्या झुडपांच्या जांभळ्या फुलांनी माळ रंगलेला दिसेल. हवा स्वच्छ असल्यास दूरवर आरन बेटाचे डोंगरही दिसतात.

माहिती केंद्र २००९ मध्ये सुरू झाले. तेथे प्रवेशशुल्क नाही, उपाहारगृह आहे, आणि मुले सोबत असतील तर प्रदर्शनात अर्धा तास सहज जातो. ज्यांना निर्जन, यंत्रांचा मागमूस नसलेला डोंगर हवा आहे, त्यांनी मात्र दुसरीकडे जावे; इथे कोठेही वळले तरी पाती नजरेआड होत नाहीत.

एकदा माहिती केंद्र मागे पडले की आडोसा मिळत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातही वाराप्रतिबंधक जाकीट आणि कानटोपी घ्यावी. आमची छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली. हिवाळ्यात पात्यांवरून बर्फ पडण्याचा धोका असतो, म्हणून त्याविषयीच्या सूचनाफलकांकडे दुर्लक्ष करू नये. आणि निघताना आधी वाऱ्याच्या समोर तोंड करून चालावे, म्हणजे थकलेल्या पायांनी परतताना वारा पाठीशी राहतो. आम्ही नेमके उलट केले, आणि शेवटचा एक किलोमीटर आईला माझ्या आडोशाने चालावा लागला.