आरएक्स १०० मोटोक्रॉसच्या मातीत: एका मोसमानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात गोव्यात डिचोलीला घरामागच्या शेडमध्ये जुनी यामाहा आरएक्स १०० मोटोक्रॉससाठी, म्हणजे उड्या-वळणांच्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी, बांधायला घेतली. चतुर्थी झाली, जमीन वाळली आणि गाडी मातीत उतरली. शिमगा गेला, उन्हाळा गेला, आता पुन्हा पाऊस लागलाय. एवढ्या काळात ती सरावाला आणि आसपासच्या छोट्या शर्यतींना सतत पळाली, त्यामुळे आता तिच्याबद्दल खात्रीने बोलता येईल.

निकाल आधीच सांगतो. जुन्या टू-स्ट्रोकवर मातीत उतरायचं असेल तर आपल्याकडे आरएक्ससारखी गाडी नाही. पण हेड घासून, पोर्ट (सिलिंडरमधली वायू आत-बाहेर जायची भोकं) मोठे करून तिची ताकद वाढवायच्या मागे लागू नका. तोच पैसा इंजिन कुठूनही हवा ओढणार नाही याची खात्री करण्यात आणि खड्ड्याखुड्ड्यांत गाडी सरळ राहील हे बघण्यात घाला.

यामाहाच्या सहकार्याने एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये आणलेली ही गाडी १९९६ ला बंद झाली. ९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ५० मिलिमीटर, ७५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर, वजन साधारण १०३ किलो. कागदावर हे आकडे किरकोळ वाटतात. शर्यतीसाठी लाइट, इंडिकेटर, साइड पॅनेल, लोखंडी मडगार्ड आणि जड सीट उतरवली की हेच ११ घोडे वेगळे भासतात. रिड व्हॉल्वमुळे, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या पण मागे परतू न देणाऱ्या पाकळ्यांच्या झडपेमुळे, खालच्या आरपीएमलाही ती ओढते, आणि मातीत वळणातून बाहेर पडताना तेच कामी येतं.

परदेशात जुन्या मोटोक्रॉस गाड्यांच्या शर्यतींमध्ये ‘इव्हो’ नावाचा एक वर्ग असतो. त्यात हवेने थंड होणारं इंजिन, ड्रम ब्रेक आणि मागे लिंकेज (शॉकअपला जोडलेले तरफांचे सांधे) नसलेलं सस्पेन्शन एवढंच चालतं. १९७३ साली स्वीडनच्या हाकान अँडरसनने यामाहाच्या मोनोशॉक (मागे एकच शॉकअप असलेल्या) गाडीवर २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. लुसियन टिल्केन्स या बेल्जियन इंजिनिअरची ती कल्पना. त्यानंतर सस्पेन्शनची हालचाल वाढत गेली आणि मोटोक्रॉसची गाडी रस्त्यावरच्या गाडीपासून कायमची वेगळी झाली. आरएक्स त्यानंतर बारा वर्षांनी आली, तरी मागे दोन शॉकअप आणि दोन्ही चाकांना ड्रम घेऊनच आली. ती जुन्या पद्धतीनेच चालवावी लागते: उडी लहान, वेग राखून, गुडघे आणि कोपर सतत वाकलेले. मला हा खेळ आवडतो तो याचसाठी. नव्या गाडीत स्प्रिंग जे काम करते ते इथे तुमच्या अंगाला करावं लागतं.

गाडी निवडताना एक विनंती. मूळ अवस्थेतली, कागदपत्रं धड असलेली आरएक्स मातीसाठी कापू नका. तशा गाड्या आता थोड्या उरल्या आहेत आणि चांगल्या गाडीला लाखाच्या वर मागतात. मी घेतली ती रजिस्ट्रेशन रीतसर रद्द झालेली, टाकी कुजलेली, गंजून मडगार्डची चाळण झालेली गाडी. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर मात्र कागदाशी ताडून पाहिले. हे केल्याशिवाय भंगारातलीही गाडी उचलू नये. बांधून झालेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे बदल बसत नाहीत. ट्रॅकपर्यंत ती पिकअपमध्येच जाते.

आता इंजिनाबद्दल, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. पिस्टनच्या खाली फिरणारा दांडा म्हणजे क्रँक, आणि तो ज्या बंद डब्यात असतो तो क्रँककेस. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे पंप. पिस्टन वर जाताना तिथे पेट्रोल-हवा ओढली जाते, खाली येताना तीच वर सिलिंडरमध्ये ढकलली जाते. क्रँकच्या दोन्ही टोकांना जे ऑइल सील असतात त्यांच्यावर हा सगळा कारभार चालतो. क्लचकडचा सील गेला तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर येतो, ऑइल कमी होत जातं. ते निदान डोळ्यांना दिसतं तरी. दुसऱ्या टोकाचा, म्हणजे ठिणगीची वीज करणाऱ्या मॅग्नेटकडचा गेला तर नुसती हवा शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, गाडी तापते आणि भर वेगात पिस्टन जाम होतो. धूर नाही, थेंब नाही. ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, एवढीच खूण. जुन्या गाडीचे हे रबर तीस वर्षांत दगड झालेलं असतं.

ते तपासायला महागडं यंत्र लागत नाही. डॉक्टरकडे असतं ते डायलवालं जुनं बीपीचं यंत्र पुरतं. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर रबराचा तुकडा आणि वर लोखंडी पट्टी कसली. कार्बोरेटर काढून तो जिथे बसतो त्या मॅनिफोल्डमध्ये रबरी बूच बसवलं, त्यातून बीपीच्या यंत्राची नळी आत सोडली. प्लग जागेवर, पिस्टन तळाला, म्हणजे केस आणि सिलिंडर एक होतात. हवा मॅनिफोल्डमधूनच भरायची, कारण प्लगच्या भोकातून भरली तर रिड बंद होतो आणि मॅनिफोल्डची गळती कळतच नाही. सुई २५० वर नेली आणि फुगा सोडला. ती डोळ्यांदेखत उतरायला लागली. साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावत गेलो: हेड, सिलिंडरखालचं गॅस्केट, मॅनिफोल्ड, सगळं गप्प. मॅग्नेट काढून मागे लावलं तेव्हा सीलच्या कडेला बारीक फेस धरला. दोन्ही सील बदलल्यावर तीच सुई चहा पिऊन होईपर्यंत जागची हलली नाही. मोसमात प्रत्येक शर्यतीआधी ही तपासणी केली आणि आजवर इंजिन एकदाही जाम झालं नाही. आमच्याबरोबर पळणाऱ्या पोर्ट केलेल्या आरएक्स अर्ध्या मोसमात पिस्टन मागत होत्या.

ऑइल पंप काढला असेल तर त्याची नळी जिथे आत शिरते ते तोंडही नीट बंद करा. तिथून शिरणारी हवासुद्धा तेवढीच घातक. मी पंप काढून पेट्रोलमध्येच चांगलं टूटी ऑइल मिसळतो, लिटरला ४० मिली, म्हणजे २५ ला १. धूर थोडा जास्त होतो, पण पूर्ण थ्रॉटलवर पळणाऱ्या जुन्या क्रँकला तेवढं तेल हवंच.

क्रँक उघडली तेव्हा कनेक्टिंग रॉड, पिन आणि बेअरिंग एकदमच बदलून घेतलं. आमच्या लेथवाल्या काकांनी प्रेसवर बसवून डायल गेज लावला आणि क्रँकची लचक ०.०३ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत तांब्याच्या हातोडीने ठोकत बसले. मी घाई केली तेव्हा म्हणाले, “बाबा, क्रँक वाकडी बसली तर नवे सील आठवडाभरसुद्धा टिकणार नाहीत.” अगदी खरं आहे. सीलची ओठासारखी कड शाफ्टला बिलगून असते, शाफ्टच डुलायला लागला तर ती झिजणारच.

पिस्टनचा अनुभव मात्र कडू आहे. ‘कंपनीचाच’ म्हणून एका दुकानदाराने पूर्ण भाव घेऊन जो पिस्टन दिला, त्याच्या रिंगा खाचेत मोकळ्या हलत होत्या आणि वजनही जुन्यापेक्षा भलतंच निघालं. बिल होतं तरी बदलून मिळाला नाही. तेव्हापासून मी व्हर्निअर आणि छोटा वजनकाटा घेऊनच दुकानात जातो. आरएक्सचे पार्ट मुबलक मिळतात हे खरं, पण त्यात खऱ्यापेक्षा नक्कलच जास्त. सिलिंडर पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढवता येतो, म्हणून पहिल्याच वेळी मोठा बोअर मारू नका, पुढच्या मोसमांसाठी धातू शिल्लक ठेवा. रिडच्या पोलादी पाकळ्या काढून फायबरच्या लावल्या. पोलादी तुकडा तुटून आत गेला तर सिलिंडर खरवडतो, फायबरचा बिचारा चुरा होऊन निघून जातो.

पेट्रोल हाही आता वेगळा विषय झालाय. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि १९८५ च्या कार्बोरेटरला ते माहीत नाही. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण आपोआप पातळ होतं. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) एक नंबर मोठा टाकला आणि प्लगचा रंग पांढुरका होता तो बिस्किटासारखा तपकिरी झाला. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. गोव्याच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर उभी राहिली की तळाला पाणी बसतं, टाकी गंजते, कार्बोरेटरमध्ये पांढरी बुरशीसारखी पूड धरते. शर्यत झाली की मी टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करतो. जुने रबरी पाइप बदलून इथेनॉल सोसणारे टाकावे लागतात.

आमच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, जांभ्याची धूळ हा दुसरा शत्रू. खाणपट्ट्यातल्या डिचोलीच्या माणसाला लाल धूळ नवी नाही, पण इंजिनाच्या आत ती पॉलिश पेपर होते. कंपनीच्या फिल्टरऐवजी फोमचा, तेलात भिजवून पिळलेला फिल्टर घातला आणि तो बसतो त्या कडेला ग्रीस लावलं. प्रत्येक सरावानंतर तो रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, वाळवून पुन्हा तेल. पेट्रोलमध्ये धुतला तर त्याचा जोड सुटतो. या कामात आळस करणाऱ्याने टू-स्ट्रोक मातीत नेऊच नये.

चेसिसला वेळ जास्त लागला. मागच्या फोर्कचे प्लास्टिकचे बुश काढून गनमेटलचे कातून घेतले आणि गाडीची वळणातली डुलकी एकदम गेली. माझ्या मते गाडीवर केलेला सगळ्यात वसूल खर्च हाच. हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा कोनसेट बदलला. पुढच्या फोर्कमध्ये जाड तेल भरून स्प्रिंगवर कातलेल्या पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवले, म्हणजे ब्रेक दाबल्यावर तोंड जमिनीत जात नाही. मागे थोडे लांब शॉकअप लावलेत, पण बेतानेच, कारण मागचा भाग फार उचलला की हँडल चंचल होतं. फूटरेस्ट रुंद करून त्यांच्या जोडावर पट्टी वेल्ड केली. आरएक्सची फ्रेम रस्त्यासाठी केलेली आहे, उड्यांनी ती फूटरेस्टच्या आणि वरच्या शॉकअपच्या जोडाजवळ तडकते. म्हणून मी फ्रेमला पावडर कोटिंग न करता साधा फिकट रंग मारला. जाड कोटिंगखाली तडा लपतो, फिकट रंगावर केसाएवढी रेघही दिसते.

चाकं मूळ १८ इंचीच ठेवली. मोटोक्रॉसला पुढे २१ इंची चाक असतं हे माहीत आहे, पण त्यासाठी रिम, स्पोक, टायर आणि फोर्कची उंची सगळंच बदलावं लागलं असतं. खडबडीत टायर लावून हवा १३-१४ पीएसआय ठेवतो, आणि टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व तुटू नये म्हणून रिमलॉक. सड्यावर कडक जमिनीवर बारीक खडे पसरलेले असतात, तिथे टायरपेक्षा शरीराचं वजन कुठे आहे हे महत्त्वाचं. भात कापून झालेल्या शेतात ट्रॅक केला असेल, टँकरने पाणी मारलेलं असेल, तर हीच गाडी रुळावर असल्यासारखी जाते.

शर्यतीत ती कुठे कमी पडते तेही सांगायला हवं. चारच गिअर आहेत, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या वेगाच्या वळणात इंजिन किंचाळतं तरी किंवा गुदमरतं तरी. पुढचा स्प्रॉकेट एका दाताने लहान केल्यावर हे बरंच सुसह्य झालं. ड्रम ब्रेकात धूळ आणि पाणी शिरलं की पहिल्या दोन लॅपला धड लागत नाही, ब्रेक लवकर आणि दोन्ही धरावे लागतात. टेबलटॉप (वर सपाट असलेल्या उंचवट्यावरची) उडी पूर्ण मारून सपाट जागी उतरलात तर मनगट आणि फ्रेम दोघांनाही सोसणार नाही. आणि गुडघ्यापर्यंतचे बूट, छातीचं कवच, मानेचा पट्टा यांशिवाय मी कुणालाच ट्रॅकवर जाऊ देत नाही, सरावालासुद्धा. मान्यतेच्या शर्यतीत उतरायचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या महासंघाचं, लायसन्स लागतंच.

आता पाऊस आहे. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून इंजिन हाताने फिरवलंय, पिस्टन एक्झॉस्टचं तोंड झाकेल असा थांबवलाय, सायलेन्सरच्या तोंडात तेलाची चिंधी कोंबलीये. आठवड्यातून एकदा चाकं फिरवून चेनवर तेल सोडतो. मोसमभराने सिलिंडर उघडून पाहिला तर बोअरवर होनिंगच्या (सिलिंडर आतून घासताना पडलेल्या) तिरक्या रेघा अजून दिसतात, म्हणजे फिल्टरने आपलं काम केलं. बदलायचे आहेत ते क्लच प्लेट, मागच्या चाकाची बेअरिंगं आणि चेन-स्प्रॉकेटचा सेट. या चतुर्थीआधी एवढं झालं की गाडी पुन्हा तयार. कुणाला बीपीच्या यंत्राची ती तपासणी आपल्या गाडीवर करून बघायची असेल तर रविवारी सकाळी गाडी घेऊन शेडवर या, बूच आणि पट्ट्या माझ्याकडे आहेत.